एंजिनाचा ताप

भर जूनच्या उकाड्यांत आपल्या पायांशीं शेगडी पेटवून ठेवणाऱ्या माणसास आपण काय म्हणाल? मीं माझ्या मुलास वेडा म्हटलें होतें, आणि तेंहि मनांतल्या मनांत नव्हे.

मुलगा इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां दारांत दोन आसनांची, कापडी टपाची, साठ वर्षांची एक जुनी स्पोर्ट्स मोटार उभी होती. दोन वर्षें घरीं न आलेल्या मुलानें असल्या खटाऱ्यावर पैसे उधळावे, हें मला रुचलें नाहीं. आमच्यांत बोलणें मुळांत बेताचेंच. त्याची आई गेल्यापासून तर तें पत्राच्या मायन्याइतकें औपचारिक झालें होतें.

पहिल्या रविवारीं गारठ्यांत फिरावयास निघालों. "या गाडीला हीटर आहे हेंच भाग्य समजा," तो म्हणाला. १९४५ ते १९४९ पर्यंत निघालेल्या एम. जी. टी. सी. गाडीबरोबर हीटर मिळत नसे. १९६२ सालीं एम. जी. बी. आली, तेव्हांहि तो जादा पैसे मोजून घ्यावा लागे. वस्तुतः ही ऊब वेगळी निर्माण करावी लागतच नाहीं. जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश भाग एंजिनाभोंवतीं खेळणारें पाणी वाहून नेतें, आणि पुढच्या रेडिएटरांत तें वाऱ्यावर निवतें. १९२२ सालच्या ऑस्टिन सेव्हनमध्यें या पाण्याला पंपहि नव्हता; तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, निवालेलें खालीं उतरे, आणि हें रहाटगाडगें आपोआप चाले. हीटर म्हणजे त्याच पाण्याचा एक फांटा. बसणाराच्या पायांशीं आणून ठेवलेला दुसरा लहानसा रेडिएटर.

पुढें जूनमधील एका दुपारीं परत येतांना वाहनांची रांग तुंबली. मोटार धांवत असतां रेडिएटरमधून वारा वाहतो. ती उभी राहिली कीं सारी भिस्त पंख्यावर, आणि एंजिन मंद झालें कीं त्याच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखाहि मंदावतो. उष्णतेचा काटा चढूं लागला.

"झाकण काढून गार पाणी ओत," मीं सुचविलें.

तो हंसला. तें झाकण आंत दाब धरून ठेवतें, म्हणून पाणी शंभर अंशांपुढें गेलें तरी लगेच उकळत नाहीं. तापल्या एंजिनाचें झाकण काढलें तर तें उसळून तोंडावर येईल. त्यानें मुकाट्यानें हीटरची कळ पुरती उघडली. पायांवर भट्टीची धग आली.

"वेडा आहेस कां तूं?" मी ओरडलों.

"बाबा, त्याचा थोडा ताप आपण घेतला, तर तें तग धरील."

काटा थरथरला, थांबला, आणि हळूहळू खालीं आला.

मी गप्प बसलों. त्याची आई तीन महिने अंथरुणावर होती. मीं उत्तम डॉक्टर आणले, औषधपाण्यांत कुचराई केली नाहीं. परंतु तिच्या खोलींत मी फार वेळ बसलों नाहीं. तिचें कण्हणें मला सोसत नसे. मी वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर गार वाऱ्याला जाऊन बसें. रात्र रात्र तिच्या उशाशीं बसला तो हा मुलगा. त्याबद्दल तो मला कधीं एका शब्दानें बोलला नाहीं, आणि मींहि त्याला कधीं कांहीं विचारलें नाहीं.

रांग हलली. वारा लागूं लागला, तसा कळ बंद करण्यासाठीं त्यानें हात पुढें केला.

"असूं दे थोडा वेळ," मी म्हणालों.

त्यानें माझ्याकडे एकदां पाहिलें आणि हात मागें घेतला. घरीं पोंचलों तेव्हां आम्ही दोघेहि घामानें चिंब झालों होतों. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर तिच्या त्या तीन महिन्यांविषयीं मीं त्याला प्रथमच विचारलें, आणि तो बराच वेळ सांगत राहिला.