उमेदवारीची पदवी

'उमेदवार' हा शब्द उच्चारतांच आतां निवडणूक आठवते. मूळ फारसी 'उमेद' म्हणजे आशा. आशेवर असलेला तो उमेदवार. इंग्रजी अमदानींत कचेरींत बिनपगारी खर्डेघाशी करीत, एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्या तरुणास हेंच नांव होतें. आमच्या पणजोबांनीं अशी उमेदवारी केल्याचें घरांत अजून सांगतात. तेव्हां शाळेचें शिक्षण संपवून आम्ही इंग्लंडांतील एका मोठ्या कंपनींत सॉफ्टवेअरच्या कामावर 'शिकाऊ उमेदवार' म्हणून लागणार, ही वार्ता पुण्यास पोंचतांच वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या यांत नवल नाहीं. जन्मभर गणित शिकविलेल्या आमच्या आजोबांनीं तर स्पष्टच विचारलें, "अरे, उमेदवारी सुटावी म्हणून माझ्या वडिलांनीं मला पदवीपर्यंत शिकविलें. तूं उलट पावलीं कां निघालास?"

त्या प्रश्नास आम्हीं त्या वेळीं जें उत्तर दिलें तें केवळ हिशेबाचें होतें. दुसरें, अधिक खरें उत्तर हातीं यावयास तीन वर्षें लागलीं. दोन्ही येथें मांडतों. कारण बारावीनंतर मुलांस कोणत्या वाटेनें धाडावें, हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नव्हे.

आधीं हिशेब. वडिलांच्या नोकरीनिमित्त आम्ही शाळेच्या वयांतच इंग्लंडांत आलों. तेथें उमेदवारीची परंपरा फार जुनी आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानींत, १५६३ सालीं झालेल्या कायद्यानें अनेक कसबी धंद्यांस सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. ती सक्ती १८१४ सालीं उठली. या जुन्या झाडावर २०१५ सालीं तेथील सरकारानें नवें कलम बांधलें. उमेदवारानें कंपनींत पगारी काम करावें, त्याचबरोबर विद्यापीठांत शिकावें, आणि अखेरीस पूर्ण पदवी घेऊन बाहेर पडावें, अशी ही योजना आहे. फीचा भार उमेदवारावर पडत नाहीं. ज्या मालकांचा पगाराचा खर्च वर्षास तीस लक्ष पौंडांहून अधिक, त्यांजवर २०१७ च्या एप्रिलपासून अर्धा टक्का कर बसविण्यांत आला, आणि तो पैसा अशा शिक्षणाकडे वळविण्यांत आला. इंग्लंडांतील विद्यापीठांची कमाल फी २०२५-२६ सालीं ९,५३५ पौंड होती, आणि बहुतेक मुलें ती कर्ज काढून भरतात. आमच्या माथीं तें कर्ज नाहीं. घरच्या माणसांस एवढा हिशेब पटला. परंतु पटणें निराळें आणि समाधान होणें निराळें.

आमचा क्रम असा : आठवड्याचे चार दिवस कंपनीचे, एक दिवस विद्यापीठाचा. कंपनी विम्याची, लाखो लोकांच्या नोंदी ठेवणारें सॉफ्टवेअर सांभाळणें हें आमच्या तुकडीचें काम. सकाळीं पंधरा मिनिटें सारीं माणसें उभ्याउभ्याच सांगतात : काल काय केलें, आज काय करणार, कोठें अडलें आहे. उमेदवारालाही तेथें तोंड उघडावेंच लागतें. आरंभींचे कित्येक महिने मात्र नवें कांहीं लिहिण्यापेक्षां दुसऱ्यांनीं लिहिलेला कोड वाचण्यांत गेले. त्यांतील कांहीं भाग आमच्या जन्मापूर्वींचा आहे आणि तो अजून बिनतक्रार चालतो. जुन्या वाड्यांत सून म्हणून येणाऱ्या मुलीस प्रत्येक फडताळ कां तेथें आहे हें हळूहळू कळतें, तसेंच हें होतें.

दुसऱ्या वर्षीं एक गोष्ट घडली. एक नोंद शोधावयास सॉफ्टवेअरला फार वेळ लागे, आणि तो कमी करण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. त्याच आठवड्यांत विद्यापीठांत 'बी-ट्री' नांवाची रचना शिकविली. नोंदींची सूची अशा झाडासारखी मांडावयाची, कीं प्रत्येक फांदीस पुढें शंभर-शंभर फांद्या फुटाव्यात. शंभराचा घन दहा लक्ष. म्हणून दहा लक्ष नोंदींतून हवी ती नोंद केवळ तीन पायऱ्यांत सांपडते. मंगळवारीं फळ्यावर पाहिलेली ही युक्ति आम्हीं गुरुवारीं कामावर लावली, आणि मिनिटाचें काम निमिषांत होऊं लागलें. रविवारीं आजोबांस हें सांगितलें तेव्हां ते प्रथमच खुलले. "शंभराचा घन" असें दोनदां पुटपुटून त्यांनीं विचारलें, "ही कोणा प्राध्यापकाची युक्ति?" आम्हीं सांगितलें, कीं बायर आणि मॅक्क्राइट या दोघांनीं विमानें बनविणाऱ्या बोईंग कंपनींत काम करीत असतां ती काढली आणि १९७२ सालीं ती शास्त्रीय नियतकालिकांत छापून आली. विद्या आणि कारखाना यांमध्यें आपण घालतों ती भिंत आजोबांच्या मनांत त्या दिवशीं थोडी खचली असावी.

परंतु या शिक्षणाचा खरा गाभा दुसराच आहे. आमचा सारा कोड 'गिट' नांवाच्या व्यवस्थेंत असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनीं ती २००५ सालीं निर्माण केली. कोणती ओळ कोणीं, केव्हां बदलली, याची नोंद तींत कायम राहते. ती पाहण्याच्या आज्ञेचें नांवच 'ब्लेम', म्हणजे ठपका! लिहिलेलें कांहींही ज्येष्ठांनीं तपासल्याखेरीज पुढें जात नाहीं. आमच्या तुकडींतील एक वडीलधाऱ्या बाई प्रत्येक वेळीं एकच प्रश्न टाकतात : "हें असेंच कां?" परीक्षेंत उत्तर बरोबर आलें कीं गुण मिळतात, येथें बरोबर उत्तराचेंही कारण द्यावें लागतें, कारण आपण निघून गेल्यावर तें दुसऱ्या कोणास सांभाळावयाचें असतें. अलीकडे यंत्रेंच मागाल तो कोड क्षणांत लिहून देऊं लागलीं आहेत, आणि मग उमेदवार हवा कशाला, असा प्रश्न सर्वत्र ऐकूं येतो. ती काळजी आम्हांसही आहे. शिडीची खालची पायरीच काढली तर वर चढणार कोण? तथापि यंत्रानें लिहिलें तरी त्या ओळीची जबाबदारी माणसाच्याच नांवावर चढते, आणि 'कां' याचें उत्तर त्यालाच द्यावें लागतें. आजोबांच्या प्रश्नास आमचें खरें उत्तर हेंच : ही उमेदवारी जागेची वाट पाहण्याची नव्हे, आपल्या कामास जाब देण्याची आहे.

तिचें मोल मात्र द्यावें लागतें, आणि तें पैशांत नव्हे, वेळांत. विद्यापीठांतील मित्र उन्हाळ्यांत तीन-तीन महिने मोकळे असतात. कायद्यानें मिळणारी आमची रजा वर्षास २८ दिवसांची, आणि सरकारी सुट्ट्याही त्यांतच मोजतां येतात. निबंध लिहावयाचे ते रात्रीं. तीन वर्षांत पुण्याचा एकही गणेशोत्सव दृष्टीस पडला नाहीं. निरर्थक वाचन, निरुद्देश भटकणें, रात्रभर चाललेले वाद, यांनींही माणूस घडतो. तें सारें आमच्या वांट्यास फार थोडें आलें. कांहीं ठिकाणीं उमेदवारास हलकीं कामें देऊन वर्षें काढवितात, असेंही सोबत्यांकडून ऐकतों. म्हणून कंपनी निवडतांना पगारापूर्वीं एक गोष्ट विचारावी : शिकविणार कोण?

आमची धाकटी बहीण यंदा याच वळणावर उभी आहे. घरांतील मंडळींस वाटलें, कीं दादाच्या वाटेनें तीही जाईल. परंतु तिचा जीव शुद्ध गणितांत आहे; एखादें प्रमेय उपयोगी आहे कीं नाहीं याची तिला फिकीर नाहीं. तिला आम्हीं विद्यापीठाचीच वाट सुचविली, कर्ज होणार हें माहीत असूनही. ज्या मुलाला वस्तु चालतांना पाहिल्याशिवाय चैन पडत नाहीं त्यास उमेदवारी द्यावी. ज्याला एकांतांत विचार करीत बसावयाचें आहे त्यास तो एकांत मिळवून द्यावा. दोन्ही वाटांच्या शेवटीं पदवी आहेच. आईबापांनीं पाहावयाचें तें मुलाचें पाऊल.