डावी बाजू

लहानपणी निपाणीच्या घरात पानाची डावी बाजू आजी वाढायची. उजवीकडची भाजी-आमटी आणि मधला भात हे आईचं खातं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, कारळ्याची चटणी, कोशिंबीर आणि लोणचं. सगळं एवढंसंच, बोटाच्या पेरावर मावेल इतकं. मी आठेक वर्षांचा असताना एकदा हट्टाला पेटलो आणि नुसती डावी बाजू जेवलो. लोणचं तीनदा मागून घेतलं. आईनं डोळे वटारले, पण आजी म्हणाली, "वाढ गं त्याला. रात्री कळंल."

रात्री कळलं.

हे जेवण पन्नास-पंचावन्न वर्षांनी आठवलं ते एका गोल, चपट्या डबीमुळे. भाचा जर्मनीत, ड्रेस्डेनला नोकरीला असतो. दिवाळीला आला तेव्हा माझ्यासाठी पाइपच्या तंबाखूची पन्नास ग्रॅमची डबी घेऊन आला. "मामा, यात ओरिएंटलच जास्त आहे. दुकानदार म्हणाला, हे सगळ्यांना झेपत नाही." एवढं बोलून त्यानं माझ्या अभिमानाला बरोब्बर चूड लावली.

मी पाइप ओढतो तो रविवारी दुपारी, जेवणानंतर, एकच. तोही गच्चीत, दार बायको आतून लावून घेते. तंबाखूची बाजू मी घेणार नाही. ज्या गावात वाढलो तिथल्या वखारींत तोंडाला पदर बांधून, खोकत खोकत तंबाखू चाळणाऱ्या बायका पाहिल्यावर ती घेता येत नाही. डॉक्टर 'बंद करा' म्हणतात, मी 'कमी केली' म्हणतो आणि आम्ही दोघंही खरं बोलत असतो.

ज्यांचा पाइपशी संबंध नाही त्यांना ही भानगड ताटावरूनच सांगतो. पाइपच्या मिश्रणात भात म्हणजे व्हर्जिनिया. हातभर लांबीचं पान, बंद कोठीत गरम हवेवर वाळवलेलं, त्यामुळे रंगानं पिवळं आणि साखर जिथल्या तिथे राहिलेलं. पोट तिच्यावर भरतं. लताकिया म्हणजे झणझणीत रस्सा. सीरियातल्या एका बंदराचं हे नाव. पानं लाकडाच्या धुरीवर धरून काळी केलेली. एकदा ती पडली की बाकी कुणाचं काही ऐकू येत नाही. आणि ओरिएंटल हे तोंडी लावणं. जुने लोक तिला सरळ 'तुर्की' म्हणायचे, कारण उस्मानी साम्राज्याच्या मुलखातली ही पानं: थ्रेस आणि मॅसेडोनियाच्या टेकड्या, इझमीर, काळ्या समुद्रावरचं सामसून. नेहमीच्या मिश्रणात ती चिमूटभर, चवीपुरती असते. या डबीत मात्र, वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे, ती निम्म्याहून जास्त. म्हणजे कुणीतरी डाव्या बाजूचंच जेवण मांडलं होतं.

यातलं सगळ्यात नावाजलेलं पान बासमा, उत्तर ग्रीसमधल्या झांथीच्या आसपासचं. ते पाहिलं तर आमच्या निपाणीचा शेतकरी हसेल. तळहाताहूनही लहान. निपाणीत बिडीच्या तंबाखूचा शेंडा खुडतात, फुटवे काढतात. सगळा जोर मोजक्या पानांत उतरावा, पान जाड व्हावं, कडक व्हावं. झांथीकडे नेमकं उलट. रोपं दाटीवाटीनं लावायची, जमीन मुरमाड आणि उतरणीची निवडायची, पाणी बेताचं, शेंड्याला हातही लावायचा नाही, फूल येऊ द्यायचं. उपाशी ठेवलेलं झाड मग पान लहान धरतं आणि त्यावरच्या चिकट लवेत वास साठवून ठेवतं. पानं तोडायची पहाटेच्या अंधारात, उजेडासाठी दिवा घेऊन, खालून वर एकेक थर. मग घरातले सगळे सावलीत बसून लांब सुईनं एकेक पान दोऱ्यात ओवतात. आणि त्या माळा उन्हात टांगल्या की झालं. आग नाही, धूर नाही. नुसतं ऊन.

माळेत ओवलेली तंबाखू! आमच्याकडे ती रानात पसरून वाळवतात.

या पानाच्या पायी माणसंही ओवली गेली आणि उसवली गेली. १९२२ च्या सप्टेंबरात स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर, जळलं. पुढच्या वर्षी लोझानला करार होऊन ग्रीस आणि तुर्कस्तानानं माणसांची अदलाबदल केली. सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये, ४ लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात. ग्रीसमधल्या काव्हाला आणि ड्रामाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू लावणारे तुर्क गेले आणि आनातोलियातून आलेले निर्वासित त्यांच्या रानांत उभे राहिले. झांथीचा भाग मात्र पश्चिम थ्रेसमधला, तिथल्या मुसलमानांना करारातून वगळलं होतं. त्यामुळे तिथल्या डोंगराळ गावांत तुर्की आणि पोमाक बोलणारी घरं आजही आहेत आणि तंबाखूही आहे. रेघ इकडची तिकडे गेल्यानं गावाचं काय होतं ते आम्हा सीमाभागवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. पण आमच्यावर पाट्या बदलण्यापुरतीच वेळ आली, घरं बदलायची आली नाही.

भाच्यानं फोनवर एक फोटो दाखवला. ड्रेस्डेनच्या ऐन गावात रंगीत काचांच्या घुमटाची भलीमोठी मशीद. ती मशीद नाहीच, १९०९ साली पुरी झालेला सिगारेटचा कारखाना आहे. मिनार दिसतो ते धुराडं. नाव येनिड्झे, झांथीजवळच्या तंबाखूच्या एका गावावरून घेतलेलं. माल तुर्की, म्हणून इमारत तुर्की! आता आत कार्यालयं आहेत. चिमूटभर पानानं एवढा घुमट उभा केला, हे मला आवडलं.

आता परीक्षा. मी डबी उघडली त्या रविवारी काही ओढलंच नाही, नुसता वास घेतला. पहिल्या श्वासाला ताकाची लोटकी. आंबूस, पण नासलेली नाही. मग देवघरातलं जुनं लाकडी कपाट. आणि तळाशी ओल्या घोंगडीचा वास, धनगराची मेंढरं पावसात उभी असली की येतो तो. हा शेवटचा वास आला की नवखा माणूस डबी बंद करतो. खरं तर ओरिएंटलची ओळख तीच. त्या चिकट लवेतली द्रव्यं फुटतात आणि आंबूस, घामट वासाची आम्लं सुटतात. घोंगडी नसेल तर दुकानदारानं फसवलं समजा.

निकाल मी कालनिर्णयच्या चौकोनांत लिहीत गेलो. ओढायच्या पहिल्या रविवारी लिहिलंय: 'व्हॅनिला!' चूक माझी. ज्या ब्रायरच्या पाइपात वर्षभर गोड वासाची तंबाखू ओढली होती, तोच हाताला आला. लाकडात वास मुरतो. गोडाच्या डब्यात चटणी ठेवावी तसं झालं. दुसऱ्या रविवारी: 'जीभ भाजली.' तंबाखू डबीतून काढून तशीच ओलसर ठासली, सारखी विझायला लागली म्हणून जोरजोरात ओढली. ओल्या तंबाखूची वाफ होते आणि ती जिभेला चावते. त्यानंतर मात्र शहाणा झालो. जेवायला बसण्याआधी चिमूटभर कागदावर पसरायची, जेवून उठेपर्यंत बोटांत कुरकुरीत न होता सुटी झालेली असते.

पाइपही बदलला. माझ्याकडे मीरशॉमचा एक जुना आहे, वापरून मधाच्या रंगाचा झालेला. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस. पण वैद्याच्या बटव्यातला समुद्रफेस वेगळा, ते म्हाकुळाच्या पाठीतलं हाड. हा पांढरा हलका दगड तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ जमिनीतून खणून काढतात. तो स्वतःची चव मध्ये आणत नाही. तुर्की पानाला तुर्की दगड, बसली जोडी.

तिसरा रविवार. वरचा थर पेटवून विझू दिला, राख हलकेच दाबली, पुन्हा काडी लावली. गंधक जळून जाईपर्यंत काडी लांब धरायची, एवढं तरी आता हाताला कळतं. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात फिरवायचा आणि त्यातला थोडासाच नाकावाटे सोडायचा. आंबूसपणा पहिल्या दोन मिनिटांत निघून गेला, पाठोपाठ चंदनाच्या खोडासारखं काहीतरी आलं. सहाणेवर ओलं उगाळलेलं नव्हे, नुसतं कोरडं खोड. मग खारवलेल्या लिंबाचा खार. मग पुन्हा लाकूड. गंमत अशी की जोर कुठेच नाही. या पानात निकोटीन कमी. डोकं गरगरत नाही, जीभ जड होत नाही. झुरका मोठा घेतला की चव पळते, लहान घेतला की परत येते. अर्धा पाइप होईस्तोवर मी गच्चीवरच्या वाळवणाकडे बघत बसलो होतो आणि त्यावर कावळा बसलेला मला दिसला नाही. घरात त्याची चर्चा झाली.

आणि मग ते घडलं, जे पुढच्या प्रत्येक रविवारी घडलं. अर्ध्याच्या खाली गेलं की चंदन जातं, खार राहतो. नुसता खार, भाकरीशिवाय. शेवटच्या भागात धूर पातळ, कोरडा आणि कडवट. आधी वाटलं, मीच घाईनं ओढतोय. पाचव्या रविवारी मुद्दाम पाऊण तास लावला, तेच. सहाव्या रविवारी अर्ध्यावर थांबून राख झाडली, तर जेवण उत्तम झाल्यासारखं वाटलं. म्हणजे दोष पानाचा नाही, वाढप्याचा. तोंडी लावणं निम्म्याहून जास्त वाढलं याबद्दल माझी तक्रार नाही, पण उरलेल्या निम्म्यात त्यानं भात हात आखडून घातला. व्हर्जिनियाची साखर खालपर्यंत पुरायला हवी होती, ती मध्येच संपते. शिवाय लताकियाची एक चिमूट घालून ठेवलीय, ती कशासाठी कळत नाही. झेपणार नाही म्हणून गिऱ्हाईक पळेल, ही भीती असावी.

अकबराची गोष्ट इथे आठवते. असद बेग विजापूरहून तंबाखू घेऊन गेला, सोबत जडावाची नळी आणि सोन्याची चिलीम. बादशहानं दोन-तीन झुरके घेतले आणि हकीम आडवा आला. दोन-तीन झुरक्यांत कुठली परीक्षा! पण मला वाटतं, ती तंबाखू बासमा असती तर त्याला तेवढ्यात बरंच काही कळलं असतं. हिचं सगळं बोलणं वरच्या अर्ध्यातच होतं.

आजोबा वखारीत माल पारखायचे. पान तळहातावर चुरडायचे, नाकाशी न्यायचे, शिंकायचे आणि भाव सांगायचे. मोठ्या ढिगाचा भाव एका शिंकेत. माझं तसं नाही, मला आठ रविवार लागले. तरी निकाल लिहितो. पान अव्वल. मिश्रण सत्तर गुणांचं. पाइप निम्माच भरावा. ज्यांना रश्श्याशिवाय जेवण जात नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

डबीत आता दोन पाइपांपुरती उरली आहे. भाच्याला कळवलंय की पुढच्या खेपेला हीच आण आणि सोबत साध्या व्हर्जिनियाची एक डबी आण. भात मी माझा मिसळून घेईन.