विमान आणि बगळे

आठवडाभर आमच्या हिवरखेडच्या ओसरीत लेकाचं रिमोटचं थर्माकोल विमान जुळत होतं. पंख रबरबँडने बसवले. मग पंखाखाली, पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर, त्याने दोन बोटं टेकवली. शेपूट खाली झुकली. बॅटरी नाकाकडे सरकवली, तेव्हा कुठे तोल आला. मोटर तपासली तीही प्रोपेलर काढूनच.

"संध्याकाळी वारा पडला की उडवू."

अरे, तेव्हाच तर बगळे झाडावर परततात! प्रोपेलर लागला तर? तो रुसला. सामायिकात बसले, पण मन त्याच्यापाशीच. शेवटी ठरलं, सकाळी, पाखरं शिवारात पांगल्यावर.

सकाळी शेतात पोचलो तर वारा सुटलेला. त्याने गवताची काडी उडवून पाहिली, बॅटरी काढली, अन् मुकाट्याने विमान काखेत घेतलं.