अस्मानीचा हिशेब

जननदरातून मृत्युदर वजा करून प्राणिसंख्येचे भवितव्य वर्तविण्याच्या या व्यवसायात मी प्रथम पडलो, तेव्हा वणवा, दुष्काळ किंवा साथ यांनी ग्रासलेली वर्षे अपवाद म्हणून हिशेबातून वगळण्याची तजवीज मी मोठ्या निष्ठेने करीत असे. शेतसाऱ्याच्या दप्तरातसुद्धा अस्मानी-सुलतानीची दखल घ्यावी लागे, याचे स्मरण मला फार उशिरा झाले.

माझे मत पालटले ते हीथ हेन या पक्ष्याची कैफियत वाचताना. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मार्थाज् व्हिनयार्ड या एकाच बेटावर उरलेल्या या पक्ष्यासाठी 1908 साली क्षेत्र राखून ठेवण्यात आले, त्याची संख्या वाढत वाढत 2,000 च्या घरात गेली, आणि 1916 मध्ये, ऐन विणीच्या हंगामात, तेथे वणवा पेटला; पाठोपाठ कडक हिवाळा आला, शिकारी पक्षी आले, पाळीव कोंबड्यांचा रोग आला. 1932 नंतर तो पक्षी कोणाच्या दृष्टीस पडला नाही. भरभराटीच्या त्या आठ वर्षांवरून मी भाकीत केले असते तर ते आशादायकच झाले असते, ही जाणीव मला आजही अस्वस्थ करते.

या जाणिवेमागचे गणित मी विद्यार्थ्यांपुढे नाणेफेकीने मांडतो. छाप पडली तर संख्या 1.7 पट, काटा पडला तर निम्मी. सरासरी 1.1 पट, म्हणजे कागदावर दरसाल दहा टक्के वाढ. परंतु एक छाप आणि एक काटा, कोणत्याही क्रमाने, पडला की 100 पक्ष्यांचे 85 होतात, आणि दीर्घकाळात छापा-काटे जवळजवळ समसमान पडत असल्याने अखेर उच्छेद अटळ ठरतो. सरासरी फुगते ती आपत्तीतून वारंवार निसटलेल्या मोजक्या भाग्यवंतांमुळे.

आता तेच 100 पक्षी दोन बेटांवर निम्मे-निम्मे ठेवावेत, प्रत्येक बेटाचे नाणे निराळे असावे, आणि वर्षअखेरीस दोन्हीकडची संख्या पुन्हा समान करावी. चार वर्षांत एकदा दोन्हीकडे छाप, एकदा दोन्हीकडे काटा, आणि दोनदा मिश्र कौल पडला, तर 1.7, 0.5, 1.1 आणि पुन्हा 1.1 यांचा गुणाकार 1.0285 भरतो. जननदर तोच, आपत्तीही तीच. तरीही ऱ्हासाच्या जागी वृद्धी येते. फळ्यावर हा गुणाकार पुरा करताना त्या पक्ष्याला दुसरे बेट नव्हते, हे आठवून माझा हात दर वेळी क्षणभर थांबतो.