आमच्या संगणकाची नाडीपरीक्षा

आमचा घरचा संगणक नेमका कोणत्या दिवशी आजारी पडला, हे मला सांगता येणार नाही. आधी त्याला उठायला वेळ लागू लागला. सकाळी बटण दाबावे, अंघोळ उरकावी, देवाला दोन फुले वाहावीत आणि चहाचा कप घेऊन समोर येऊन बसावे, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटे. पुढे पुढे तो कामाच्या मध्येच थबकू लागला. माऊसचा बाण हवा तिकडे फिरे, पण कशावरही टिचकी मारा, उत्तर नाही! पडदा पांढुरका होई, निळे वर्तुळ गरगर फिरत राही आणि दोन-तीन मिनिटांनी स्वारी, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने, पुन्हा चालू लागे.

घरात कोणी अंथरूण धरले की येणारा-जाणारा प्रत्येक गृहस्थ वैद्य होतो, हा अनुभव आपल्या सर्वांचाच आहे. संगणकाच्या बाबतीतही तेच झाले. शेजारच्या तात्यांनी नाडी न पाहताच ‘व्हायरस’ असे निदान केले. माझ्याकडे एक व्हायरसप्रतिबंधक होताच. त्यांच्या आग्रहास्तव मी दुसराही घेतला. त्यानंतर रोग्याची प्रकृती अधिकच खालावली. एका दारावर दोन गुरखे उभे केले, की चोराकडे लक्ष ठेवण्याऐवजी ते एकमेकांचेच खिसे तपासत बसतात, हे मला मागाहून कळले. पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर सांगितले, “बाबा, चालू होताना जी नको असलेली कामे आपोआप सुरू होतात, ती बंद करा.” ती केली. चार दिवस बरे गेले. सौ.चा उपाय मात्र एकच आणि कायमचा, “अहो, बंद करून पुन्हा चालू करा.” लाजत कबूल करतो, की एवढ्या औषधांत त्यातल्या त्यात गुण याच औषधाला होता.

तुम्ही म्हणाल, हा यंत्रराज २०१३ साली घेतलेला, तपाहून अधिक सेवा झाली, मग नवा का आणत नाही? सौ.ही हेच म्हणत होती. मी मात्र टाळाटाळ करीत होतो, आणि खरे कारण सांगायला धजत नव्हतो. त्या डब्यात माझी आई होती.

आम्ही जासईचे आगरी. आमच्याकडे लग्नात भटजी असोत वा नसोत, धवलारीण हवीच. हळदीपासून एकेका विधीला तिचा एकेक धवला असतो, आणि तो कोठल्याही पुस्तकात नाही. तो सासूकडून सुनेकडे, आत्याकडून भाचीकडे तोंडीच येतो. माझी आई धवलारीण होती. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईच्या डोक्यात किती गाणी होती, याची मोजदाद कधी कोणी केली नाही. आता वय झाले, म्हणून मी २०१६च्या पावसाळ्यात माझ्या मोबाइलवर तिचे तेवीस धवले उतरवून घेतले. मोबाइल भरला, तसे ते संगणकात घातले आणि मोबाइलमधून पुसले. दुसरीकडे एक प्रत ठेवावी, हे मनात आले नाही असे नाही. रविवारी करू म्हटले. त्यानंतर किती रविवार आले आणि गेले! २०१९ साली आई गेली. तेरावे झाल्यावर ती गाणी ऐकण्याचा धीर मला झाला नाही. पण ती तेथे आहेत, एवढे पुरेसे होते.

अखेर मी एका दुकानात फोन केला. तेथला मुलगा मोठा उत्साही. “आणा काका, फॉरमॅट मारून देतो. नवा कोरा होईल!” नवा कोरा या शब्दांत काय दडले आहे, हे मला तेव्हा उमगले नाही. मी डबा चादरीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेतला आणि निघालो. नाक्यावर कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्ता असा काही कोंडला होता, की पाऊण तास आम्ही जागचे हललो नाही. शेवटी रिक्षावाल्यानेच कंटाळून मला घरी आणून सोडले. या ट्रेलरांना आयुष्यात इतक्या शिव्या दिल्या आहेत. एवढे एक पुण्य त्यांच्या नावावर जमा करतो.

त्याच संध्याकाळी भाचा आला. तो एका कंटेनर यार्डात संगणकांची देखभाल करतो. त्याने स्क्रू काढून डब्याचा पत्रा उघडला आणि म्हणाला, “मामा, पंखा कुठे आहे?”

पंखा होता, पण धुळीच्या करड्या गोधडीखाली. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो काम करताना तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांची एक चवड असते आणि तिच्यावर पंखा. पात्यांत धूळ बसली की वारा शिरत नाही, आणि फार तापले की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून आपली चाल मंद करतो. वैशाखातल्या उन्हात बैल सावलीला थांबतो, तसाच हा प्रकार.

ही धूळ कोठून आली, ते मला विचारू नका. या रस्त्याच्या दोहों बाजूंना मी भातखाचरे पाहिली आहेत, खाडीकडे मिठागरे पाहिली आहेत. त्याच जमिनींच्या मोबदल्यासाठी आमच्याच गावच्या दि. बा. पाटलांच्या मागे हजारो माणसे उभी राहिली आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी पडले. आई त्या गर्दीत होती. तिने त्याबद्दल कधी चार वाक्यांवर सांगितले नाही. पुढे १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि रस्ता ट्रेलरांचा झाला. आमच्याच मातीची गोधडी आमच्याच संगणकावर बसली होती, एवढेच.

भाच्याने रंगाच्या जुन्या ब्रशाने आणि फुंकणाऱ्या यंत्राने ती काढली. फुंकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले. नाहीतर ते भन्नाट फिरते आणि बिघडते. वाळून पापड झालेला लेप खरवडून नवा लावला. दोन दिवस संगणक हरणासारखा धावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच निळे वर्तुळ!

आता भाच्याचा चेहरा गंभीर झाला. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. एक तक्ता उघडला: घरातले कोणते माणूस किती काम करते, याचा हिशेबच म्हणा ना! प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला. मेमरी अर्धी मोकळी. आणि हार्ड डिस्क? शंभर टक्के! कोणी काही काम सांगितलेले नसताना शंभर टक्के. “मामा, कान लावा,” तो म्हणाला. मी पत्र्याला कान लावला. आतून टक्, टक्, असा बारीक आवाज येत होता.

हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी चकती. तिच्यावरून वाचणारी सुई केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उंचीवर तरंगते. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली डिस्क काढली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन टनावर, आणि मावत होती अवघी पन्नास लाख अक्षरे. आईचा एखादा धवला तिच्यात जेमतेम बसला असता. चकतीचा एखादा ठिपका खराब झाला की सुई तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते, आणि तोवर बाकीचे सारे यंत्र हात बांधून उभे राहते. म्हणजे आमचा संगणक थबकत होता तो आळसाने नव्हे. तो न सापडणारे अक्षर शोधत होता. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची रोजनिशीही ठेवते. भाच्याने एका छोट्या प्रोग्रॅमने ती उघडली, तर तेथे पिवळ्या रंगात सावधगिरीची खूण. खराब ठिपक्यांचा आकडा रोज वाढत होता.

“यात काय आहे, मामा?”

मी सांगितले. त्याने माझ्या देखत बटण बंद केले. “आता दुरुस्तीचे नाव नको. डिस्क तपासणारी, नीटनेटकी करणारी कसलीही आज्ञा द्यायची नाही. तिला श्रम पडले तर उरलेलेही जाईल. आधी आजीला बाहेर काढू.”

बातमी तात्यांपर्यंत गेलीच. ते म्हणाले, डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात, त्यांनी कुठेसे ऐकले आहे. भाचा म्हणाला, बाहेर काढताच तिच्यावर दव जमेल आणि होती-नव्हती ती जाईल. सौ. म्हणाली, “आणि फ्रीजरमध्ये कोळंबी आहे.” तो विषय तेथेच मिटला.

रात्री भाच्याने डिस्क सोडवून एका वायरीने आपल्या लॅपटॉपला जोडली. सारे एकदम उचलले असते तर एका खराब गाण्यापाशी गाडी अडली असती. म्हणून एकेक गाणे. पहिली सात झरझर आली. आठव्याला वीस मिनिटे लागली. मी दहा वेळा कळ दाबायला पुढे झालो आणि दहा वेळा त्याने माझा हात मागे घेतला. अधूनमधून डिस्क बंद करून तिला निववायचे, पुन्हा जोडायचे. सौ. झोपली नाही; दोनदा चहा करून तिघांत प्यायला बसली. पहाटे साडेचारला टक्, टक् वाढले आणि डिस्क दिसेनाशी झाली, ती कायमची.

तेवीसपैकी एकवीस आली. एक मध्येच तुटलेली धरली तर साडेएकवीस. गेलेल्या दोन्ही हळदीच्या. माझ्या थोरल्या बहिणीला त्यातली एक बरीचशी येते. येत्या भाऊबीजेला तिला बसवायचे आहे, आणि या वेळी रविवारची वाट पाहायची नाही.

गाण्यांच्या आता तीन प्रती आहेत: लोखंडी कपाटात पेन ड्राइव्हवर, पुण्याला चिरंजीवांकडे आणि कल्याणला लेकीकडे. संगणकात भाच्याने फिरती चकती नसलेली एसएसडी बसवली. बटण दाबल्यापासून पंचवीस सेकंदांत तो हजर! विंडोज १०ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि याचा प्रोसेसर जुना म्हणून पुढची आवृत्ती त्याला चालत नाही. तेव्हा त्याला इंटरनेटपासून तोडून ठेवले आहे. बँकेची कामे करायला मोबाइल आहे. हा आता फक्त गाणी सांभाळतो.

परवा दुपारी घरात कोणी नसताना मी पहिला धवला लावला. दुसऱ्या कडव्यापाशी आई एकाएकी थांबते. बाहेरून ट्रेलरचा भोंगा ऐकू येतो, लांबलचक. आई विचारते, “चालू हाय ना रं त्यो?” माझाच आवाज, नऊ-दहा वर्षांनी तरुण, म्हणतो, “चालू आहे, आय.” ट्रेलर पुरता निघून जाईपर्यंत ती गप्प राहते, आणि मग ज्या शब्दावर थांबली होती, तेथूनच उचलते.