गल्लीचं लक्ष असायचं

कोल्हापूरच्या पेठांत जे वाढले, त्यांना काही गोष्टी फोडून सांगाव्या लागत नाहीत. पहाटे करकरणारं तालमीचं दार. दोरीवर ओळीनं वाळणारे तांबडे लंगोट. कोनाड्यातला मारुती आणि त्याच्या पायाशी तेलाची वाटी. शिवाजी पेठ असो, मंगळवार असो, नाहीतर बुधवार. चार गल्ल्या ओलांडल्या की तालीम यायचीच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बाबूजमाल. पोरगं कुणाचं हे विचारण्याआधी कुठल्या तालमीचं, हे विचारलं जायचं.

झुंजुमुंजू व्हायच्या आधी वस्ताद हाका मारत निघायचे. हाक एकदाच. दुसरी हाक आली तर ती आपल्याला नसायची, वडिलांना असायची. मग घरातूनच अंथरूण ओढलं जायचं. तालमीत न गेलेलं पोर दुपारी गल्लीतून जायला लागलं, की पानपट्टीवाला विचारायचा, शिंपी विचारायचा, ओट्यावर तांदूळ निवडणारी काकू विचारायची, "का रं, सकाळी दिसला न्हाईस? ताप हाय काय अंगात?" तब्येत ज्याची त्याची, पण लक्ष गल्लीचं असायचं.

हौदातल्या मातीत तर सगळ्या गल्लीचा वाटा असे. तांबडी माती चाळून आणायची. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस आणि कापूर मिसळायचा. ताक कुणा दुभत्या घरातून यायचं, लिंबं कुणाच्या परसातली, हळद किराणा दुकानदार तोलून न देता मुठीनं द्यायचा. ज्यांच्या घरात कुस्ती खेळणारं कुणी नव्हतं, त्यांचंही काही ना काही त्या हौदात पडलेलं असायचं. माती रोज खालवर उकरावी लागे, आणि ते काम नव्या पोरांकडं. उकरता उकरता अंगातून धारा लागल्या की वस्ताद म्हणायचे, "आता अंग तापलं. चला, जोर काढा." मग मोजणी सुरू. एकानं आकडा म्हणायचा, बाकीच्यांनी खाली जायचं. दमलेला मध्येच थांबला, तर शेजारचा त्याच्यासाठी मोजणी हळू करायचा. सोडून पुढं जायची रीत नव्हती.

वस्तू थोड्या होत्या, म्हणून त्यांचा जीव सांभाळला जायचा. मुद्गलाच्या लाकडाला चीर गेली की लोहाराकडून लोखंडी कडं ठोकून आणायचं. लेझमीची साखळी तुटली की चकत्या वेचून डबीत ठेवायच्या, गणपतीच्या आधी पुन्हा ओवायच्या. कातडी फुटबॉलची शिवण उसवली की चांभारदादांकडं, आतल्या ब्लॅडरला भोक पडलं की सायकलच्या दुकानात. ठिगळांवर ठिगळं बसून तो चेंडू इतका जड व्हायचा, की पावसात डोक्यानं मारला तर दिवसभर कपाळ आठवण करून द्यायचं. तरी त्याच चेंडूवर पोरं घडली. तालमींचे फुटबॉल संघ झाले आणि शाहू स्टेडियमवरचा सामना हा पेठेचा सण झाला.

या सगळ्यामागं मोठा हात होता राजर्षी शाहू महाराजांचा. रोममधलं जुनं मैदान पाहून त्यांच्या मनात आलं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. बशीसारखा उतार असल्यानं शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही मधली माती स्वच्छ दिसे. त्याच महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. आमचे आजोबा हे दोन्ही एका दमात सांगायचे. अंग आणि अक्षर दोन्ही कमवायचं, एकावर भागणार नाही, असा त्यांचा हिशेब.

खाशाबा जाधवांचं नाव निघालं की तर आजोबांचा आवाजच बदलायचा. कराडजवळच्या गोळेश्वरचा पोरगा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्याला तिकडं पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली असेल! ऐकवणाऱ्याचे डोळे दर वेळी भरायचे. एका पोराच्या अंगावरचं मांस ही साऱ्यांची ठेव आहे, असं मानणारी माणसं होती ती.

खाण्यापिण्याचे चोचले नव्हते, पण शिस्त होती. गंगावेशीत म्हैस डोळ्यांदेखत पिळायची आणि फेसाळ दूध उभ्यानं प्यायचं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी, सर्दी झाली की हुलग्याचं माडगं. पाट्यावर बदाम-खारीक वाटून केलेली थंडाई ज्याची कुस्ती जवळ आली त्याच्या वाट्याला आधी. ताक विकायचं नसतं, ते मागायला येणाऱ्याला द्यायचं असतं, हा नियम. रविवारी एरंडेल, आणि ते बघून आम्ही माळ्यावर दडायचो. पोट दुखलं तर ओवा, खोकला झाला तर ज्येष्ठमध, बाळाला गुटीत वेखंड आणि मुरुडशेंग. रात्री जेवण झालं की शतपावली, तीही एकट्यानं नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं येरझाऱ्या घालायची आणि जाता येता एकमेकांची चौकशी करायची.

पोहायला शिकायचं तर पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा. एका गल्लीत एक-दोनच भोपळे. ते वाटून घ्यायचे, तडा गेला तर डांबरानं बुजवायचे. पंचगंगेच्या घाटावर मोठी पोरं कमरेएवढ्या पाण्यात कडं करून उभी राहायची आणि आत बारकी. कुणी बुडायचं नाही, कारण कुणी ना कुणी बघत असायचं.

तालमीत विडी चालायची नाही. कोपऱ्यावर कुणी ओढताना दिसलाच, तर बातमी घरी त्याच्या आधी पोचायची. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. एका ओट्यावरचा पोरगा अडखळला की समोरच्या ओट्यावरून पुढचा आकडा यायचा. वर्तमानपत्र एकच, वाचणारा एक, ऐकणारे दहा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. तिथून आलेलं एक पुस्तक परत जायच्या आधी चार घरांत वाचलं जायचं. पान सुटलं तर कणकेची खळ करून चिकटवायचं, वर तपकिरी कागदाचं वेष्टन, त्यावर वळणदार अक्षर. आणि मोहरम-गणपती एकत्र आले की कित्येक तालमींत गणपती आणि पंजे शेजारी शेजारी बसायचे. ज्याच्याबरोबर रोज मातीत लोळलो, त्याच्या सणाला परकं कसं राहायचं?

पण हे लक्ष सगळ्यांना सारखं मिळालं नाही, हेही लिहायला हवं. तालमीचा उंबरा मुलींना बंद होता. आमच्या आया-बहिणी जात्यावर दळायच्या, उखळात कांडायच्या, घागरी वाहायच्या, आणि त्या कष्टाला व्यायाम म्हणत नसत, त्यामागं खुराकही नसे. चुलीच्या धुरानं खोकणाऱ्या आजीला कुणी वस्ताद भेटला नाही. नागपंचमीचा झोका, झिम्मा, फुगडी, गौरीच्या रात्रीचे फेर एवढंच त्यांचं मोकळं अंग. त्यांचा दम बघायचा तर फुगडीत बघावा. पहिलवानही मागं सरेल! म्हणूनच पुढं याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांनी वाटलेल्या साखरेला वेगळीच गोडी होती. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून कांस्य आणलं, तेव्हा खाशाबांची गोष्ट ऐकून वाढलेल्यांना ७२ वर्षं एका क्षणात ओलांडल्यासारखं वाटलं.

आता घरोघरी मनगटावर घड्याळं आहेत, ती पावलं मोजतात. रंकाळ्यावर पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते, जिममध्ये आरसे आहेत, फोनवर आसनं शिकता येतात. हे चांगलंच आहे. साधनं वाढली, मुली धावू लागल्या, डॉक्टर वेळेवर भेटू लागले. कमी पडतंय ते एवढंच, की चार दिवस कुणी आलं नाही तर विचारणारं कुणी नाही. घड्याळ पावलं कमी पडली हे सांगतं, का पडली हे विचारत नाही.

म्हणून आमच्या पिढीचं एकच मागणं आहे, आणि ते अवघड नाही. माळ्यावरचे मुद्गल खाली काढा, तेल लावा, नातवांच्या आधी नातींच्या हातात द्या. इमारतीच्या गच्चीवर रथसप्तमीला १२ सूर्यनमस्कार सगळ्यांनी मिळून घाला. एक पुस्तक चार घरांत फिरवा. जिन्यात भेटणाऱ्या पोराला पाढे विचारा आणि वरचा मजला एकट्यानं चढणाऱ्या म्हाताऱ्याला गुडघा कसा आहे ते विचारा. आणि रोज फिरायला येणारा शेजारी दोन दिवस दिसला नाही, तर फोन करू नका, दार वाजवा. म्हणा, "का रं बाबा, दिसला न्हाईस?" आमची निम्मी तब्येत त्या एका प्रश्नावर टिकली.