खणात न राहणारं घड्याळ

माझ्या संग्रहातल्या एचएमटी ‘जनता’ला सकाळी चावी दिली की दिवसाची चिंता मिटते. सेलवाली घड्याळं तर वर्ष-दोन वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात. या दोन्ही पंगतींत न बसणारं एकच आहे, नव्वदच्या दशकातलं सिको किनेटिक. चावीवाले दर्दी त्याला सेलचंच समजून नाक मुरडतात. सेलवाल्यांना ते जड वाटतं, आणि आहेच ते जड.

त्याच्या पोटात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक आहे. त्याला लागणारी वीज मात्र घड्याळ स्वतःच तयार करतं. झाकणामागे, ऑटोमॅटिक घड्याळात असतं तसं, अर्धगोल वजन बसवलेलं आहे. हात हलला की ते फिरतं, दातेरी चक्रं तो वेग वाढवत नेतात आणि शेवटचा इवलासा चुंबक मिनिटाला एक लाख फेऱ्यांपर्यंत मजल मारतो. सायकलच्या चाकाला घासणारा डायनॅमोच म्हणा ना, फक्त मनगटावर मावणारा. सिकोने ही करामत १९८६ साली बाझलच्या घड्याळ-प्रदर्शनात दाखवली आणि १९८८ मध्ये जर्मनीच्या बाजारात आणली. ‘किनेटिक’ हे बारसं त्यानंतरचं.

कानाशी धरून हलवलं तर आत घर्र, घर्र ऐकू येतं. माझा आवडता भाग मात्र दोनच्या आकड्याजवळचं बटण. ते दाबलं की सेकंदकाटा टुणकन पुढे उडी घेतो. पाचच सेकंदांची उडी असेल तर शिल्लक जेमतेम दिवसभराची. तीस सेकंद गाठले तर पोट भरलेलं. मग तो तिथेच थबकतो, खरी वेळ त्याच्यापर्यंत येईस्तोवर, आणि पुन्हा निमूट चालायला लागतो. वीज संपत आली की एकेक सेकंद चालणं सोडून दोन-दोनच्या ढांगा टाकतो. इतक्या सभ्यपणे भूक सांगणारं दुसरं यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवातीच्या या घड्याळांत वीज कपॅसिटरमध्ये साठत असे. वयोमानाप्रमाणे तो थकतो. रात्री उतरवून ठेवलेलं घड्याळ सकाळी बंद. माझ्याही घड्याळाचं तेच झालं होतं. आमच्या घड्याळजींनी जुना काढून चार्ज होणारा लिथियमचा सेल बसवला. डोळ्यांना लावलेलं भिंग न काढताच ते म्हणाले, “घालत जा हो. ठेवून ठेवून मारू नका.”

खरी मेख इथेच आहे. संग्राहकाची जात वस्तू जपून ठेवणाऱ्याची. मऊ कापडात गुंडाळायची, दमट हवेपासून सांभाळायची, पाहुणे आले की बाहेर काढायची. या घड्याळाला असला मान मानवत नाही. त्याला ओरखडे चालतात, भाजीची पिशवी चालते, बसचा दांडा चालतो. म्हणून माझ्याकडच्या सगळ्यांत जास्त खरचटलेली काच त्याचीच आहे, आणि ती बदलायला मी तयार नाही.

सततच्या वापराच्या या गरजेवरही सिकोने पुढे तोड काढली. त्यांचं ‘ऑटो रिले’ न वापरता ठेवलं तर काटे थांबवून चार वर्षांपर्यंत झोपतं आणि हलवताच आपणहून बरोबर वेळेवर येतं. कारागिरी म्हणून त्याला सलाम. विकत मात्र घेणार नाही. खणात झोपायला माझ्याकडे आधीच पुष्कळ जण आहेत.